ताम्हाण्यांकडून शिडी मिळवणे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताम्हाण्यांकडे एक उत्तम शिडी आहे. ती मिळवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

नवीन पनवेलात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि पंखा लावायचा होता. मी त्यांची बेल वाजवली. ताम्हाण्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याआधी कुणाची शिडी नेली होतीत?"

"छे! कधीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"मग अवघड आहे. तुमची हिस्टरीच नाही."

असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक स्क्रू ड्रायव्हर ठेवला. "यापासून सुरुवात करा. पुढचं पुढे बघू."

मागाहून कळलं, की हा माणूस एका वित्तीय सल्लागार कंपनीत रिटेल क्रेडिट रिस्क मॉडेलिंगचा प्रमुख आहे. म्हणजे घरासाठी, स्कूटरसाठी, फ्रिजसाठी कर्ज मागणारी तुमच्या-आमच्यासारखी माणसं ते फेडतील की बुडवतील, याचा अंदाज सांगणारी गणितं ह्यांची टीम तयार करते आणि बँका ती वापरतात. सोमवार ते शुक्रवार ताम्हाणे देशावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतात आणि शनिवार-रविवार आमच्या बिल्डिंगवर.

स्क्रू ड्रायव्हर मी वेळेवर परत केला, तेव्हा मला हातोडी मंजूर झाली. चांगलं मत व्हावं म्हणून ती मी अर्ध्या तासात नेऊन दिली. तिथे घोटाळा झाला.

"इतक्या लवकर?" ताम्हाण्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वापरलीच नाहीत वाटतं. वापर नाही तर तुमची वागणूक कळणार कशी?"

मला पुन्हा हातोडीच मिळाली. मग ड्रिल. मग कुठे शिडी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर ड्रिल उशिरा दिल्यामुळे पुन्हा स्क्रू ड्रायव्हरवर आले, आणि गणपतीची रोषणाई त्यांना स्टुलावर स्टूल ठेवून करावी लागली. ते रागावले, तेव्हा ताम्हाणे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माणूस वाईट नसतो हो. पॅटर्न वाईट असतो."

हे त्यांचं लाडकं वाक्य. माझ्या मेव्हण्याने एकदा मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल त्यांचं मत विचारलं. ताम्हाण्यांनी पत्रिका बघितली नाही की फोटो बघितला नाही. "मुलाने गेल्या काही वर्षांत घरं किती बदलली?" एवढंच विचारलं. मेव्हणा अजून ते शोधतोय.

आणि वाईट पॅटर्नचं त्यांचं कायमचं उदाहरण म्हणजे हिराबाय. ही ओवे गावची, आमच्या गेटवर मासळी विकते. तिने बर्फासाठी त्यांचा टब नेला होता. तो कित्येक महिन्यांनी आला, तोही तळाला भोक पडून. ताम्हाणे हा किस्सा ऑफिसात नव्या पोरांना शिकवताना सांगतात म्हणे.

एका शनिवारी मी शिडी परत द्यायला गेलो, तर दारात हिराबाय उभी. तिचा नवरा धर्मा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. संध्याकाळी नातीची हळद होती.

"सायेब, तुमच्या आईची ती चाकाची खुर्ची हाय ना, ती द्या. पोर त्याच्या खांद्यावर वाढली. पन म्हातारा बोलतो, मना गोनीवानी उचलून नेऊ नका, मी येवाचा नाय. पोर रडतेय, आजा नाय तर हलद नाय."

खुर्ची हॉलमध्ये बाल्कनीजवळ होती. आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्या खुर्चीवर कुणी बसत नसे. मी मनात म्हटलं, आता हिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर पडणार आणि धर्मा घरीच राहणार. मला वाईट वाटलं, पण मध्ये बोलायची माझी काय टाप!

ताम्हाणे आत खुर्चीपाशी गेले. खाली बसले, चाकांतली हवा दाबून पाहिली, ब्रेक ओढून पाहिला.

"ब्रेक घट्ट आहे. तुम्हाला जमणार नाही," ते म्हणाले. "चला, मीच येतो." आणि खुर्ची स्वतःच्या गाडीत घालून ते हिराबायबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले. कानामागे, मानेवर, शर्टाच्या कॉलरला हळदच हळद.

"खुर्ची?" मी विचारलं.

"तिकडेच आहे."

"कधी आणणार परत?"

"ते विचारायचं राहिलं," ताम्हाणे म्हणाले. ताम्हाण्यांचं विचारायचं राहिलं! मला हसू येत होतं, पण ते पायरीवर बसले, म्हणून मीही बसलो.

"आईला शेवटच्या वर्षी भाचीच्या लग्नाला जायचं होतं. उरणला. फार मागे लागली होती. मी सगळी रिस्क काढली. गर्दी, उन्हाचा त्रास, मांडवातल्या वायरी, एवढा वेळ बसवेल की नाही. नको म्हटलं. ती पुन्हा बोलली नाही."

त्यांनी कॉलरवरची हळद बोटाने खरवडली.

"काल तो धर्मा नाचगाण्याचा बँजो थांबेपर्यंत बसला होता. मी तीनदा विचारलं, घरी नेऊ का. मला हाताने बाजूला सारायचा, त्याला नात दिसेना म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. हळदीचा हात लागून काच आणखीच पिवळी झाली.

"बसली असती हो आईसुद्धा," ते म्हणाले.