लाल ठिपक्यांचे फोटो

नवऱ्याचं काम त्याच्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, अशी फोटोग्राफरच्या बायकोची ठाम समजूत होती. तेवीस वर्षं अशा घरात काढल्यावर भांड्यांनासुद्धा थोडी कला कळायला लागते, मग हिची काय कथा!

नवरा लग्नांचे फोटो काढायचा, पक्ष्यांचे काढायचा, कारखान्यातल्या यंत्रांचे आणि पाळण्यातल्या बाळांचेही. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खायचं! चित्रदालनाच्या संचालिका दर वर्षी विचारायच्या, "पण तुमचं खास काय?" आणि दर वर्षी प्रदर्शनातून त्याला वगळायच्या. तो घरी येऊन दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

त्या दिवशी तो पाणथळीवर बगळ्यांमागे गेलेला, फोन बंद. तेवढ्यात दालनातून संचालिकाबाईंचा फोन. एक भिंत ऐनवेळी रिकामी झालीय, चारच्या आत बारा फोटो लावा, नाहीतर दुसऱ्याला देते!

"अहो, पण हे घरी नाहीत..."

"तुम्ही आहात ना?"

झालं! हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नणंदेला हाताशी घेऊन तिने स्टुडिओतली पाकिटं उपसली. शेकड्यांनी फोटो! नेमके कुठले न्यायचे? एक उलटा करून बघते तर मागे कोपऱ्यात लाल ठिपका.

"सापडलं! प्रदर्शनात विकल्या गेलेल्या चित्राला लाल ठिपका लावतात. ह्यांनीही सगळ्यात भारी फोटोंवर खूण करून ठेवलीय!"

"वहिनी, पण ह्यात नवरी शिंकतेय."

"हसणारी नवरी कोणीही टिपेल. शिंकणारी टिपायला काळीज लागतं!"

"आणि ही नुसती फांदी?"

तिने तो फोटो लांब धरला, मग नाकाशी आणला. फांदी जराशी हललेली होती. कोण बसलं होतं इथे? कुठे गेलं?

"अगं," ती हळूच म्हणाली, "हा उडून गेलेल्या पक्ष्याचा फोटो आहे."

नणंदेलाही उगीचच गलबललं. मग मात्र दोघींना चटकच लागली. यंत्राच्या फोटोत अर्धी चौकट कुणाच्या तरी अंगठ्याने व्यापलेली: "माणूस यंत्राला भारी!" बाळाच्या फोटोत फक्त रांगत निघून जाणारं एक पाऊल: "आत्तापासून घर सोडायची घाई!"

संध्याकाळी दालनात ही गर्दी! संचालिकाबाई फांदीसमोर पाच मिनिटं खिळल्या. "लग्न असो, पक्षी असो, यंत्र असो, नजर एकच! निसटत्या क्षणांचा माणूस आहे हा. आम्हाला इतकी वर्षं दिसलाच नाही!"

एवढ्यात, घरी ठेवलेली चिठ्ठी वाचून, गुडघाभर चिखलासह नवरा अवतरला. भिंत बघून त्याने बायकोला खांबाआड ओढलं.

"अगं, लाल ठिपका म्हणजे रद्दी! फाडायचे होते ते!"

"मग फाडले का नाहीत?"

"कागद चांगला होता गं!"

पण संचालिकाबाई त्याला शोधत खांबापर्यंत पोचल्याच. "अभिनंदन! पुढच्या महिन्यात अख्खं दालन तुमचं. फक्त असेच आणखी तीस हवेत. नवेकोरे!"

ज्या शब्दांसाठी इतकी वर्षं झुरला, ते ऐकून बिचारा घरी आला आणि कामाला लागला. डोळे मिटून फोटो काढले, पळत काढले, नणंदेकडून मुद्दाम धक्के मारून घेतले. आठ दिवसांत दोनशे फोटो, आणि सगळे मेले स्वच्छ, नेमके, देखणे!

"हात आपोआप सावरतो गं," तो रडकुंडीला आला. "आता कसलं दालन न् कसलं काय!"

"आणा इकडे तो कॅमेरा," म्हणत तिने चहा ओतणाऱ्या नणंदेचा एक फोटो काढला. त्यात नणंदेचं कोपर होतं, अर्धा पडदा होता आणि कप सोडून हवेतच थबकलेला चहा होता.

नवऱ्याने तो फोटो खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितला. तेवीस वर्षांत प्रथमच त्याने तिच्याकडे आदराने पाहिलं.

"हे... हे कसं साधलंस तू?"

ती लाजून चूर झाली.

"काय की बाई. मी तर चांगलाच काढायला गेले होते!"