जागच्या जागी पंधराशे किलोमीटर

या, असं पुढं सरकून बसा. मागं बसलं की अर्धी गोष्ट ऐकू येते आणि उरलेली शेजारचा सांगतो, त्यात गोष्टीचं वाटोळं होतं. आज तुम्हाला एका जीपची गोष्ट सांगणार आहे. ही जीप एका आठवड्यात पंधराशे किलोमीटर चालली आणि चिंचेखालून हातभरसुद्धा हलली नाही. चमत्कार नव्हे बरं का. चमत्कार सांगणारे दुसरे आहेत. मी आपलं झालं तसं सांगतो.

हिंजवडीच्या पलीकडे, डोंगराला टेकून भोरदरा नावाचं गाव आहे. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या, रात्रीचा दिवस झाला. भोरदऱ्याच्या वाट्याला त्यातलं एकच आलं, लोडशेडिंग. सकाळी गेलेली वीज दिवेलागणीला परत यायची. साऱ्या गावात चारचाकी म्हणाल तर आप्पासाहेबांची जुनी डिझेल जीप. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला तीच, बाजाराला तीच, आणि शनिवार पेठेतून कीर्तनाला गोदाबाईंना आणायलाही तीच.

आप्पासाहेबांची मुलगी निशा हिंजवडीतल्या एका कंपनीत इंजिनिअर होती. परदेशातल्या कुणा गिऱ्हाइकासाठी कंपनीत एक प्रयोग चालला होता. गाडीवर वर्षाचा ठोक कर नको, ज्यानं जितकं अंतर चालवलं तितकाच त्यानं भरावा. अंतर मोजायला वाटीएवढी एक डबी मागच्या चाकाच्या मधोमध बसवायची. चाकाचे फेरे मोजून डबी किलोमीटर दाखवणार. शहरातल्या गाड्या पुष्कळ मिळाल्या. खेड्यातलं एक कुटुंब हवं होतं. निशानं वडिलांचं नाव दिलं.

"म्हंजी लांबचा मानूस जास्त भरनार," डबी बसवून झाल्यावर आप्पासाहेब म्हणाले.

"तेच तर शोधायचंय आप्पा. माझं म्हणणं आहे, गावातली गाडी लांब जाते पण क्वचित जाते. हिशेब करता जास्त पडणार नाही."

"आमी कुठं लांब राह्यला गेलो, पोरी? दवाखानाच आमच्यापासनं लांब बांधला."

निशाला हे वाक्य अहवालात घालावंसं वाटलं, पण अहवालात आकडे लागतात. आकडे कळवायचं काम तिनं आईवर सोपवलं. रोज संध्याकाळी तुळजाबाईंनी डबी वाचायची आणि फोनवर सांगायचं. पहिले पंधरा दिवस डबीनं दोन बाजार आणि एक दवाखाना दाखवला. निशा खूश होती.

मग गावात हरिनाम सप्ताह बसला. सात दिवस कीर्तन, सात दिवस पंगती, आणि पंचक्रोशी जेवायला. गहू पोत्यांनी जमला, पण दळायचा कसा? गिरणीवाला कोंडीराम कपाळाला हात लावून बसला, कारण त्याची गिरणी विजेवर आणि वीज देवावर. शेवटी त्याच्याच डोक्यात आलं. देवळामागच्या चिंचेखाली, गिरणीच्या दाराशी, त्यानं जीप उभी केली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकनं उचलून खाली ओंडका सारला, आणि त्या चाकावरून गिरणीचा पट्टा घेतला. गाडी गिअरमध्ये टाकली. चाक गरगरलं, जातं फिरलं, पीठ पडू लागलं. गावानं टाळ्या वाजवल्या.

आता कुणीतरी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायला हवं होतं. ते काम गेनबाला मिळालं. गेनबा सत्तरीचा, गुडघ्यानं अधू. सप्ताहात सगळे राबत होते आणि याला कुणी कामच सांगत नव्हतं, म्हणून तो आप्पासाहेबांपुढं हात जोडून उभा राहिला होता.

"मला बी काय तरी सेवा द्या."

"तुमी पाय ठिवून बसा," आप्पासाहेब म्हणाले. "उठायचं न्हाई."

गेनबा जन्मात तालुक्याबाहेर गेला नव्हता. काशीला जायचं मात्र त्यानं आणि कौशल्यानं लग्न झाल्यापासून ठरवलं होतं. एकदा बैल मेला, एकदा छप्पर उडालं, आणि मग जिच्याबरोबर जायचं ती कौशल्याच आधी पुढं निघून गेली. त्यानंतर गेनबानं काशीचं नाव काढलं नाही. आता तो टोपी सारखी करून दिवसभर जीपमध्ये बसू लागला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचा. पोतं संपलं की कोंडीराम ओरडायचा आणि गेनबा हॉर्न द्यायचा. त्याची काही गरज नव्हती. पण गाडीत बसून हॉर्न द्यायचा नाही म्हणजे काय? दिवेलागणीला वीज आली की पट्टा निघायचा, आणि दिवसभर पंगतीच्या चुलीपुढं असलेल्या तुळजाबाई डबी वाचायला येत तेव्हा जीप नुसतीच उभी असायची.

डबी कुठल्या चाकावर होती, ते तुमच्या लक्षात आलं असेल. येऊ द्या. पण भोरदऱ्यात कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण भोरदऱ्यात चाक फिरणं वेगळं आणि गाडी जाणं वेगळं. अन् हिंजवडीत कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण तिथं जागेवर फिरणारं चाक कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आई, नीट वाच. कालच्यापेक्षा सव्वादोनशे जास्त सांगतेयस."

"चौथी पास हाय मी. आकडे कळत्यात मला."

"मग गाडी कुणी नेली?"

"कुनी न्हाई. चिंचेखालीच हाय की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. तिसऱ्या दिवशी अजून थोडे जास्त, कारण त्या दिवशी पुरणपोळी होती. निशा काळजीत पडली, आणि तिची काळजी फोनमधून तुळजाबाईंच्या घरात शिरली. आप्पासाहेब सप्ताहाच्या कामाला म्हणून सकाळी बाहेर पडत ते कीर्तन संपल्यावर येत. तुळजाबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"खरं सांगा. कुठं जाऊन येता?"

"कुठं म्हंजी? देवळात."

"देवळाला सव्वादोनशे किलोमीटर लागत्यात?"

"काय बोलतीयास?"

"डबी बोलती. गळ्यात माळ घातलीय आन् चाकाला घुंगरू बांधल्यात का या वयात?"

आप्पासाहेबांनी घास ताटात ठेवला. त्यांनी देवाची शपथ घेतली, माळेची घेतली, तरी त्या दिवसापासून त्यांच्या ताटात मीठ आपोआप येईनासं झालं.

तिकडे कंपनीत निशाचा साहेब पियुष आकडे बघत होता. हा बिबवेवाडीचा मुलगा. हुशार, सरळ, आणि आकड्यावर श्रद्धा असलेला. स्वतःच्या गाडीलाही त्यानं डबी बसवून घेतली होती.

"निशा, बेसिक गोष्ट आहे. एवढं अंतर म्हणजे रोज पॅसेंजर भरतायत. वडाप."

"आमच्या आप्पांना वडाप करायचं असतं तर जीपचं मागचं दार कधीच दुरुस्त केलं असतं, सर."

"मग आकडे चुकीचे आहेत, म्हणजे तुझा डेटा खोटा. किंवा बरोबर आहेत, म्हणजे तुझं म्हणणं खोटं, आणि गावाकडच्यांना सगळ्यात जास्त कर बसणार. सोमवारी रिपोर्ट जातोय. कुठलं लिहू?"

निशाचं हे पहिलंच काम होतं. एकीकडे ते हातातून जात होतं, दुसरीकडे बापाला वडापवाला ठरवलं जात होतं. ती म्हणाली, "काहीच लिहू नका. उद्या शनिवार आहे. स्वतः येऊन बघा."

हे घरी कळताच आप्पासाहेब फोनवर म्हणाले, "येताच हाय तर शनिवार पेठेतनं गोदाबाईंना घिऊन या. जीप रिकामी न्हाई." जीप रिकामी नाही, हे ऐकून निशालाही क्षणभर वडापची शंका आली.

गोदाबाई साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि हार्मोनियम मांडीवर घेऊनच प्रवास करणाऱ्या. त्यांचं कीर्तन ज्यानं ऐकलंय त्याला मी काय सांगू? अभंगाचं एकच चरण त्या अशा फिरवतात की ऐकणाऱ्याला घर आठवत नाही. पण कीर्तनाबाहेर त्या शनिवार पेठेच्या. हिंजवडीच्या पुलापाशी पियुषची गाडी तासभर उभी राहिली, तेव्हा त्यांनी डबीची सगळी चौकशी केली.

"म्हणजे उभ्या गाडीला कर नाही?"

"नाही काकू. फक्त चाक फिरलं तर," पियुष म्हणाला.

"मग इथल्या लोकांना काही भरावं लागणार नाही," गोदाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "सरकारचं कठीण आहे."

भोरदऱ्यात पोचले तो दुपार कलली होती. वेशीपाशीच पियुषनं कान टवकारले. जीपचं इंजिन जोरात चालू होतं. मधूनच हॉर्न वाजत होता.

"ऐकलंस? चालली कुठंतरी."

तो आवाजाच्या दिशेनं पळतच देवळामागं गेला. मागोमाग निशा, आणि हार्मोनियम काखेत घेऊन गोदाबाई. चिंचेखाली धुरळा, धुरळ्यात जीप, जीपमध्ये ताठ बसलेला गेनबा. पिठानं त्याच्या मिशा, भुवया, टोपी सगळं एक झालं होतं.

"काका, थांबा. कुठं चाललात?"

गेनबानं या नव्या माणसाला नीट न्याहाळलं. "गहू का बाजरी?"

"काय?"

"दळायचं काय हाय?"

पियुषची नजर गेनबावरून स्टिअरिंगवर, तिथून मागं पट्ट्यावर, पट्ट्यावरून चाकावर आणि चाकाच्या मधोमध बसलेल्या स्वतःच्या डबीवर गेली. डबी इमानानं फेरे मोजत होती. निशा जवळच्या पोत्यावर मटकन बसली आणि पदर नसल्यामुळे ओढणी तोंडात कोंबून हसू लागली.

गलका ऐकून आप्पासाहेब आले. "सांगितलं हुतं का न्हाई? गाडी हलली न्हाई."

"अंकल, पण चाक फिरतंय."

"फिरनारच. गिरनी हाय ती."

"ही जीप आहे ना?"

"पट्टा काढल्यावर जीप."

यावर पियुषला कॉलेजात शिकवलेलं काही आठवेना. त्यानं खाली वाकून पाहिलं. एकच चाक उचललेलं असल्यामुळे जमिनीवरच्या चाकाचा वाटाही त्यालाच मिळत होता, म्हणून ते दुप्पट पळत होतं. तुळजाबाई पंगतीच्या स्वयंपाकातून हात पुसत आल्या. त्यांनी डबी पाहिली, पीठ पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि परत चुलीकडे गेल्या. त्या दिवशी आप्पासाहेबांच्या पोळीवर तूप ओघळत होतं. माफी मागायची ती आमच्याकडची रीत आहे.

"ठीक आहे," पियुष म्हणाला. "वडाप नाही, खोटं नाही. पण एक प्रॉब्लेम आहे. डबी मागं नेता येत नाही. लोकांनी चलाखी करू नये म्हणून ती तशीच बनवलीय. डबीच्या हिशेबानं ही गाडी या आठवड्यात पंधराशे किलोमीटर जाऊन बसलीय, आणि तेवढा कर लागू होतो."

"तुमी रातच्याला जेवनार ना हितं?" आतून तुळजाबाईंचा आवाज आला. "मग त्यातलं चारपाच किलोमीटर तुमच्या पोटात जात्याल. ते वजा करा."

सगळे हसले. गेनबा हसला नाही. त्यानं सप्ताहात पहिल्यांदाच दळण संपायच्या आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिन धापा टाकत बंद पडलं.

"साहेब, पंधराशे म्हंजी कुठवर?"

"इथून? उत्तरेकडे म्हणाल तर..." पियुषनं मनाशी बेरीज केली. "जबलपूर, अलाहाबाद... वाराणसी. तुमची काशी. साधारण काशीच."

कोंडीरामानं उगाच पट्टा चाचपला. गेनबा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. मग त्यानं टोपी काढून झटकली.

"बाई," तो गोदाबाईंना म्हणाला, "तुमी शास्त्र जानता. हे धरायचं का?"

"धरायचं काय त्यात? गाडी हितंच हाय की," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

गोदाबाईंनी काखेतली हार्मोनियम पोत्यावर ठेवली. "काशीला जाऊन आलेले मी पुष्कळ पाहिलेत. एक तर माझ्या वाड्यातच आहेत. गंगेत बुडी मारून आले आणि आल्या आल्या भावाचा नळ तोडला. तुम्ही निदान येताना गावाला पुरेल एवढं पीठ आणलंत. धरा."

"पर बाई, जानं झालं. परतीचं काय?"

"तुम्ही गेलाच नाहीत, तर परत कशाला येताय? उठा आता, तोंड धुवा. मावंदं घालावं लागेल."

काशीहून आलेल्या माणसानं गावाला जेवण घालायचं, ते मावंदं. दुसऱ्या दिवशीचा महाप्रसाद हाच मावंदं ठरला, कारण पीठ गेनबानंच आणलं होतं. पंगतीत त्याला मधला पाट दिला. सुना-लेकींनी पाया पडून घेतलं. काशीला गेलेल्यानं एक पदार्थ सोडायचा असतो, म्हणून काय सोडता विचारलं. गेनबानं बराच विचार करून कारलं सोडलं. ते त्याला जन्मात आवडलं नव्हतं. पहिली पोळी त्यानं वेगळ्या पत्रावळीवर काढून शेजारच्या रिकाम्या पाटापुढं ठेवली, आणि तो पाट कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. गोदाबाईंनी त्या दिवशी भैरवी जरा लांबवली.

पियुषनं अहवालात लिहिलं की भोरदऱ्यातल्या कुटुंबानं महिन्यात दोन बाजार आणि एक दवाखाना एवढाच प्रवास केला. निशाचं म्हणणं खरं निघालं, काम तिच्याकडेच राहिलं. पंधराशे किलोमीटरच्या रकान्यासमोर काय लिहावं, यावर तो फार वेळ थांबला. त्याच महिन्यात त्याच्या स्वतःच्या डबीवर, बिबवेवाडी ते हिंजवडी करता करता, तेवढेच किलोमीटर पडले होते. त्यात पीठ काही निघालं नव्हतं. शेवटी त्यानं त्या रकान्यात एकच शब्द लिहिला, "तीर्थयात्रा." परदेशातून त्यावर शंका आली नाही. यात्रेला तिकडे कर माफ असावा.

बरं, उठा आता, फार वेळ बसवलं तुम्हाला. एक मागणं आहे. कधी हिंजवडीच्या पुलावर तुमची गाडी तासभर अडकली, पुढची हलेना आणि मागचा हॉर्न थांबेना, तेव्हा चिडू नका. चिंचेखाली ताठ बसून, टोपी सारखी करून काशीला निघालेल्या गेनबाची आठवण काढा. आणि जमलं तर त्याच्या शेजारच्या पाटावरच्या कौशल्याचीही.