उंदीरमुक्त इमारत

जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीत उंदीर नाहीत, असा ठराव सर्वानुमते मंजूर झालेला आहे. सूचक अस्मादिक, म्हणजे सेक्रेटरी प्राणेशराव. मतदान चालू असताना तळघरात काहीतरी खुडबुडलं, ते कामकाजातून वगळण्यात आलं.

कंपोस्टाची फॅशन आली, तेव्हा आम्ही मागे राहतो होय! तळघरात ओल्या कचऱ्याची पिंपं मांडली, नारळ फोडला, फोटो काढले. उंदरांची चैन झाली. पुढे पावसाचं पाणी तिथे साचलं आणि त्यांचे सकाळचे विधीही त्यातच होऊ लागले.

पहिला ताप दुसऱ्या मजल्यावरच्या श्वेताला आला. ही पुण्याची भाडेकरू. "काका, लेप्टो आहे! उंदरांच्या लघवीचं पाणी पायाच्या जखमेला लागून झालाय. बेसमेंट साफ करून घ्या ना, प्लीज!"

भाडेकरूचा ताप बाहेरून आलेला समजावा, असं कमिटीने ठरवलं. मग एका मालकालाच ताप आला. मालक बाहेरून ताप कसा आणेल? म्हणून त्याच्या तापाला व्हायरल म्हणायचं ठरलं. पंप लावला असता तर पाणी होतं हे सिद्ध झालं असतं, आणि नसलेल्या उंदरांसाठी सापळे मंजूर तरी कसे करायचे? नियम म्हणजे नियम.

आणि मग आमची अहल्या तापली. डोळे लालभडक, पोटऱ्यांना हात लावू देईना. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्याकडे उंदीर आहेत?"

"छे छे! शेजारच्या इमारतीत आहेत."

"आहेत हो, डॉक्टर!" अहल्या पडल्या पडल्या ओरडली. "ह्यांना ठरावाची काळजी, माझी नाही!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर परिणाम झालाय, ॲडमिट करा. देवाशपथ सांगतो, मला तिचीच काळजी होती.

तिला सलाइन लागलं, तेवढ्यात इमारतीच्या ग्रुपवर समोरच्या पवित्राक्कांनी विचारलं, "अहल्याक्का दिसत नाहीत?"

मी लिहिलं, "माहेरी गेलीय, धारवाडला."

पलीकडच्या कॉटवर फोन टिंग करून वाजला. बघतो तर आमच्या खजिनदार गुंडूरावांच्या सरस्वतीबाई! गुंडूरावांनी ग्रुपवर त्यांना तिरुपतीला पाठवलं होतं. त्यांनी फोन बघितला, माझ्याकडे बघितलं आणि अंगठा दाखवणारं चित्र टाकलं.

हसताय काय? तुमच्या इमारतीतलं कोण कोण सध्या गावाला गेलंय, तेवढं जरा बघून या.