इंजिनचा ताईत

इंद्रभानने मेकॅनिकचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण समोरचा बोलत असताना अर्ध्यातून उठायचं, ही त्याची जुनी सवय. (शाळेतूनही तो असाच उठला होता, दुसरीत असताना. परत गेलाच नाही.)

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. रोहिणखेडच्या भगवंतरावांची लॉरी मात्र त्याहून कितीतरी जुनी. मोठ्या लढाईनंतर मोडीत निघालेली, घागरीने पेट्रोल पिणारी आणि चढ दिसला की उसासे टाकणारी. इतकी वर्षं ती इंद्रभानचा थोरला भाऊ सहदेव चालवायचा. गावाच्या वळणावर आला की तो लांबलचक हॉर्न द्यायचा, आणि तो ऐकून आई बनाबाई चुलीवर तवा ठेवायची. दिवाळीनंतर सहदेव तापाने गेला. घाटात कधी साधं खरचटलं नाही, आणि माणूस घरच्या खाटेवर गेला. तेव्हापासून संध्याकाळ झाली की इंद्रभान वळणाकडे पाठ करून बसायचा.

भगवंतरावांनी त्याला एक फेरी देऊ केली. मलकापूर स्टेशनावरून आणलेली मिठाची पोती राजूरचा घाट चढवून बुलढाण्याला पोचवायची.

"मी सोता बाजूले बसतो," ते म्हणाले. "घाटात थांबली, तर खामगावचा ड्रायव्हर पाहून ठेवला हाये म्या."

सहदेवच्या जागेवर खामगावचा कोणीतरी बसणार, या विचाराने इंद्रभानची भाकर गोड लागेना. म्हणून त्याने मलकापूरच्या एका मेकॅनिककडून पावरची डब्बी आणली. काळा पत्र्याचा डबा, दोन तारा बाहेर. तो इंजिनला जोडला की लॉरी घाट असा चढते, जशी लेक माहेरी निघाली, असं मेकॅनिकचं म्हणणं.

"पन डब्बी लावायच्या आंधी समदे फ्यूज काढ, घासून साफ कर, अन् मंग लगेच जे जिथलं ते तिथीच..."

इंद्रभान तोवर रस्त्याला लागला होता.

संध्याकाळी त्याने फ्यूज काढले. काचेच्या बारक्या नळ्या, दोन्ही टोकांना पितळी टोपण, आत केसाएवढी तार. इंजिनचा जाड, बाकीचे दोन्ही दिव्यांचे आणि हॉर्नचा, बारीक. ते चिंचेने घासून, लखलखीत करून त्याने वाटीत घातले आणि वाटी देवापुढे ठेवली. देवापुढचं कोणी उचलत नाही, असा त्याचा हिशेब. (हिशेबात देव धरले होते, आई धरली नव्हती.) थकून तो अंगातला सदरा न काढता तसाच झोपला.

उन्हं अंगावर आली तेव्हा उठला. वाटी रिकामी.

"माय, वाटीतलं कुठी हाये?"

"ताईत ना? बांधले."

"काय बांधले?"

"सहदेवचे ताईत. गाडीत होते ना ते? तरीच म्हनते, घाटात पोराले कधी काही झालं नाही. गाडीतून उतरला, घरी निजला, अन् गेला. मले कोनी आंधी सांगतलं असतं, तर खाटेवरच बांधले असते रे बापा."

'माय, ते फ्यूज हायेत,' हे इंद्रभानच्या ओठावर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"कोनाले बांधले?"

"एक कोकिळाले. एक भिमाबाईच्या म्हशीले, लाता मारते म्हनून. जाडवाला तुह्या शेठले. पहाटंच आला होता, तू घोरून राह्यला होता. त्याचा दंड जाड, म्हनून जाड ताईत देला. म्हटलं, बुद्धी जागेवर राहीन. अन् चवथा..."

इंद्रभान तोवर अंगणात होता.

सहदेवच्या बायकोने, कोकिळावहिनीने, दोरा आधीच सोडून ठेवला होता. नळी तिच्या तळहातावर होती.

"त्याईच्या गाडीतलं हाये. गाडीतच बरं दिसते, भाऊजी," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

शेजारच्या भिमाबाई मात्र म्हशीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावून पाह्य बरं. आज पयल्यांदा लात न खाता भगुनं भरलं माह्यं."

मागचा दिवा म्हशीकडेच राहिला. जायचं दिवसाउजेडी होतं. हॉर्नचा फ्यूज काही सापडेना. देवांच्या खाली, चुलीच्या राखेत, कुठेच नाही. तेवढ्यात लॉरीकडून भगवंतरावांची हाक आली.

ते केबिनमध्ये ऐसपैस बसले होते. बाही वर सारलेली, दंडावर काळ्या दोऱ्यात इंजिनचा फ्यूज.

"चाल, लाव गाडी."

इंद्रभानने किल्ली फिरवली. लॉरी मेल्यासारखी गप्प.

"काऊन रे? इथीच थांबली?"

आता खरं सांगावं, तर परीक्षेच्या आदल्या दिवशी मालकाची लॉरी न विचारता खोलली, हे कबूल करावं लागणार. इंद्रभानचं डोकं विचार करण्यात हळू होतं, पण जीभ त्याच्या पुढे धावायची.

"शेठ, घाट तुम्ही चढनार का गाडी?"

"गाडी."

"मंग ताईत तुमच्या दंडाले काहाले? तो गाडीले बांधा लागते."

भगवंतराव विचारात पडले. मग त्यांनी दोरा सोडला. "कुठी बांधतं?"

"हे इथी, खोबनीत." इंद्रभानने फ्यूज दाबून बसवला, दाखवायला दोन बोटं कपाळाला लावली आणि किल्ली फिरवली.

लॉरी खाकरली, थरथरली आणि गुरगुरायला लागली. भगवंतरावांनी टोपी काढून हात जोडले.

घाट सुरू झाला तशी दुसरी अडचण आली. वळणावर हॉर्न देणं भाग, आणि हॉर्न मुका. इंद्रभानने मान बाहेर काढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "होऽऽऽ! बाजूले व्हाऽऽऽ!"

"हॉर्न काऊन नाही देत बे?"

"ताईताच्या गाडीले नाही चालत, शेठ. तोंडानंच बोंबला लागते."

पुढच्या वळणापासून भगवंतरावही त्यांच्या बाजूने ओरडू लागले. बैलगाडीवाले रस्ता सोडून शेतात उतरत होते. शेवटच्या चढाला लॉरी इतकी हळू झाली, की एक म्हातारी शेळी तिला मागे टाकून पुढे गेली. इंद्रभान मनात एकच म्हणत होता, 'भाऊ, ढकल.' आणि चाकं एकदाची सपाटीला लागली.

त्याने खाली उतरून पाण्याची बादली रेडिएटरवर उपडी केली. पावरच्या डब्बीचे आभार मानायला त्याने बॉनेट उघडलं, आणि पाहतच राहिला. डब्बी कुठेच नव्हती. फ्यूजच्या भानगडीत ती जोडायची राहूनच गेली होती.

"घाटभर बुडाखाली काय टोचून राह्यलं होतं बे?" भगवंतरावांनी सीटवरून कागदात गुंडाळलेला काळा डबा काढून बाहेर ठेवला. "बरं, ऐक. गाडी तुह्याकडंच राहीन."

इंद्रभानचे डोळे भरून आले. "शेठ, भावाचं नाव राखीन म्या. माही ड्रायव्हरी पाहून..."

"तुह्या ड्रायव्हरीत काय हाये? शेळी पुढं गेली. पन तुह्या मायच्या हातचा ताईत खामगावचा कुठून आनीन?"

परत येताना वळणावर अंधारायला लागलं होतं. इंद्रभानने विसरून हॉर्न दाबला, तो गप्पच. मग त्याने मान बाहेर काढली आणि सहदेवच्या हॉर्नएवढी लांब आरोळी दिली.

घरी आला तेव्हा तवा चुलीवर तापलेला होता. हातपाय धुवायला त्याने सदरा काढला. दंडावर काळा दोरा, दोऱ्यात हॉर्नचा फ्यूज.

"माय, हा कवा बांधला?"

"पयला तुलेच बांधला. निजेत. जागेपनी बांधू देला असता काय तू? सकाळी सांगतच होती, पन तू उभा राहशीन तवा ना."

इंद्रभान हसायला लागला, आणि हसता हसता दोन्ही हातांनी तोंड झाकून चुलीजवळ बसला. बनाबाईने भाकर उलटली.

दोरा त्याने सोडला नाही. हॉर्न तसाच मुका राहिला. रोहिणखेडात अजून म्हणतात, सहदेव यायचा तेव्हा हॉर्न वाजायचा. इंद्रभान येतो तेव्हा इंद्रभानच वाजतो.