अण्णांना ‘शे’ चालत नाही

आमच्या बिल्डिंगमध्ये भामरे अण्णांसमोर कोणी स्वतःला मेहनती म्हणवत नाही. चुकून म्हटलंच, तर अण्णा चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "म्हणजे? काय केलं ते सांग."

अण्णा शिरपूरकडचे. तिकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. मी डहाणूची, मला आधी हसूच यायचं. सिल्वासात एका सूत कंपनीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवतात तिथे, ते बावीस वर्षं होते. नोकरीचे अर्ज त्यांच्याच खिडकीतून आत जायचे आणि साहेबाकडे नेण्याआधी निवडायचेही त्यांनीच. निवृत्त झाले तरी ती खिडकी काही सुटली नाही. सिल्वासातच, डोकमर्डीत, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ते दारात खुर्ची टाकून बसतात, कानावर लाल पेन, आणि ज्याला नोकरी हवी त्याचा बायोडाटा तपासून देतात. पैसे घेत नाहीत, फक्त अपमान सोसायची तयारी ठेवावी लागते.

"मी प्रामाणिक शे, मी हुशार शे, मी शिकायला तयार शे. अरे, शे-शे काय करतोस?" ते म्हणतात. "आपला शे म्हणजे आहे. गुजराती माणसाचा शे म्हणजे होईल. चालशे, थई जशे. दोन्हींत काम झालेलं नसतं. कागदावर झालेलं काम लिही."

स्वतःच्या बोलण्यात मात्र पावलोपावली शे. ते दाखवून दिलं की म्हणतात, "तोंडाला माफ शे. कागदाला नाही."

गेल्या वर्षी माझी पाळी आली. ह्यांच्या कंपनीने एक शिफ्ट बंद केली आणि हे घरी बसले. तीन महिने झाले, नवं काही मिळेना. घरात कोणीतरी कमावणं भाग होतं, आणि जवळच्या रांधा गावात एका पॅकिंग कंपनीत स्टोअरची जागा निघाली होती. मी बारावी पास, लग्नानंतर चौदा वर्षं घरात. पण ठरवलं, ही नोकरी मिळवायचीच.

कंपनीने बायोडाटा मागितला. माझ्याकडे आयुष्यात एकच बायोडाटा होता, तो ट्रंकेतून काढला, त्यावरून नवीन लिहिला आणि अण्णांपुढे ठेवला. त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं.

"रंग गोरा. नाडी मध्य. मामेकुळ राऊत." चष्मा वर गेला. "वैशाली, हे लग्नाचं शे."

"नाव-पत्ता तसाच लागतो ना, अण्णा? म्हटलं बाकीचंही राहू दे."

"स्टोअरवाला तुझी नाडी बघून खोके मोजायला देणार का?"

जिन्यात उभ्या असलेल्या दोघीतिघी हसल्या. मला असा राग आला, की म्हटलं कागद उचलावा आणि घरी जावं. पण नोकरी मला हवी होती, अण्णांना नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसकण मारली.

पुढे त्यांनी ‘अनुभव’ वाचलं. तिथे मी ‘नाही’ लिहिलं होतं. अण्णांचा आवाज एकदम चढला. "हा शब्द कोणी शिकवला तुला? खोड आधी. माझ्यासमोर खोड." इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी खोडलं.

"गणपतीत मंडळाची ताटं कोण सांभाळतं?"

"मी."

"किती?"

"दोनशे. सहा वर्षं झाली. वहीत लिहून देते, लिहून परत घेते. एकही हरवलं नाही."

"मग हे काय, व्रत होतं?" त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "लिही."

तसं एकेक करत पान भरलं. टँकरच्या पाण्याच्या पाळ्या मी लावते, तेही आलं. मग बायोडाट्याला जोडायचं पत्र. मी सुरुवात केली, ‘आपल्या नामांकित कंपनीत...’ अण्णांनी विचारलं, कंपनी बनवते काय? मला ठाऊक नव्हतं. "ज्याचं दार पाहिलं नाही त्याला नामांकित म्हणतेस? हे पत्र कुठेही पाठव, कोणालाही लागू पडेल. म्हणजे कोणालाच नाही."

दुसऱ्या दिवशी रिक्षाने रांध्याला गेले आणि गेटवर तासभर उभी राहिले. वॉचमनने दोनदा हटकलं, मी हटले नाही. तीन वेगवेगळ्या छापांचे खोके एकाच ढिगात पडले होते आणि दोन माणसं त्यातून एकच छाप शोधत होती. पत्रात तेच लिहिलं. खाली लिहिलं, की आमची आणि शेजारच्या मंडळाची ताटं एकत्र होऊ नयेत म्हणून मी लाल आणि हिरव्या रंगाचे ठिपके दिले, तेव्हापासून सरमिसळ झाली नाही. अण्णांनी वाचलं आणि पेन पुन्हा कानावर ठेवलं. त्यांची शाबासकी एवढीच.

शेवटी ‘संदर्भ’. म्हणजे आपल्याबद्दल खात्री देणारी दोन माणसं. मी चुलत दिरांचं नाव सांगितलं, ते मोठे अधिकारी आहेत. "त्यांनी तुला काम करताना पाहिलंय?" नव्हतं पाहिलं. "मग मंडळाच्या सेक्रेटरीचं लिही. आणि नुसतं नाव नको, हुद्दा लिही."

टाइपवाल्याने त्याचं इंग्रजी केलं. मुलाखतीत साहेबाने फक्त ठिपक्यांचं विचारलं. नोकरी मिळाली.

पहिल्या रविवारी पेढे घेऊन अण्णांकडे गेले. ते देवापुढे पेढा ठेवायला आत गेले. टेबलावर त्यांची जाड फाइल उघडी होती, माझा कागद शोधायला म्हणून चाळली. सगळ्यात खाली एक बायोडाटा होता. निर्मला भामरे.

अण्णांच्या पत्नी निर्मलाकाकूंना जाऊन चार वर्षं झाली. कागद मात्र नवा होता, अण्णांच्या अक्षरातला. ‘बिल्डिंगमधल्या एकोणीस मुलांना जिन्यात बसवून अक्षरओळख शिकवली. चिंचोके मांडून बेरीज शिकवली.’ त्यात एक माझी मुलगी. संदर्भाच्या दोन्ही ओळी रिकाम्या होत्या.

अण्णा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "बालवाडीची जागा निघाली होती. तिला फार हौस. फॉर्म मीच भरून दिला. अनुभवात ‘नाही’ लिहिलं. तिने तशीच सही केली. जागा दुसरीला मिळाली." मग म्हणाले, "दुसऱ्यांचे इतके तपासले, म्हटलं हिचाही नीट करून ठेवावा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांच्या कानावरचं पेन घेतलं आणि संदर्भाच्या पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. वैशाली पाटील.

अण्णांनी चष्मा खाली घेऊन वाचलं.

"नुसतं नाव नको," ते म्हणाले. "हुद्दा लिही."

मी लिहिलं, स्टोअर असिस्टंट.