तळ्याचं दार आणि खारूताईची फोर्थ

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्याला लोखंडी दार होतं. तळ्याला दार कशाला, असं विचारू नका, मुलांनो. धरणाला असतं तसंच. पाणी फार चढलं की दार उघडायचं, म्हणजे जादाचं पाणी ओढ्याने निघून जातं. नाही उघडलं तर ते बांधावरून थेट खालच्या उतारावर येतं. आणि त्या उतारावर सशीणबाईचं बीळ होतं. बिळात तिची पिल्लं होती. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

दार उघडायचं काम अस्वलमामाकडे होतं. तो दोरी ओढायचा. पण मध दिसला की तो दोरी, दार आणि स्वतःचं नावसुद्धा विसरायचा. शेवटी सशीणबाई सिंहमहाराजांकडे जाऊन रडली. महाराजांनी हुकूम सोडला की यापुढे दार यंत्राने उघडेल.

यंत्र आलं. ते सुपारीएवढं होतं आणि त्याच्या डोक्यात जागाही तेवढीच होती. जंगलातले मोठे तज्ज्ञ म्हणजे हत्तीदादा. त्यांनी ते सोंडेत धरून उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की यात माझा नुसता नमस्कारही मावणार नाही. मला आंब्याच्या झाडाएवढं यंत्र द्या, आणि ते गार ठेवायला एक ओढा द्या.

तेवढ्यात फांदीवरून खारूताई उतरली. तिला फोर्थ येत होती.

फोर्थ ही यंत्राशी बोलायची भाषा आहे. फार लहान, फार चपळ, सुपारीतसुद्धा पाय पसरून झोपेल अशी. तिची रीत सोपी आहे. आकडे भाकऱ्यांसारखे एकावर एक रचायचे आणि त्या चळतीतला वरचा आधी उचलायचा. दोन ठेवा, त्यावर तीन ठेवा, मग म्हणा ‘मिळव’. झाले पाच. शिवाय लागेल तो शब्द आपला आपणच बनवायचा. यंत्राला कळलं तर ते म्हणतं, ‘बरं’. नाही कळलं तर म्हणतं, ‘काय?’. याहून जास्त ते तोंड उघडत नाही.

खारूताईने ‘मोज’ बनवला, ‘उघड’ बनवला, ‘मीट’ बनवला. मग म्हणाली ‘उघड’, आणि दार करकरत उघडलं. यंत्र म्हणालं, ‘बरं’. आता पाणी चढलं की यंत्र आपणच मोजणार आणि आपणच दार उघडणार. सगळं जंगल नाचलं. हत्तीदादाही नाचले, म्हणून नाच लवकर थांबवावा लागला. अस्वलमामाची दोरी माकडांना झोक्यासाठी दिली. सशीणबाई कित्येक पावसाळ्यांनंतर निवांत झोपली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण फोर्थ एकदा अंगात आली की उतरत नाही.

खारूताईला वाटलं, इतके शब्द हवेत कशाला? ती रोज एखादा शब्द कमी करू लागली. आता ऐका. पाणी मोजलं की एक आकडा चळतीवर यायचा. काम झालं की तो फेकून द्यायला ‘टाक’ असा एक शब्द होता. तिने तोही उडवला. एका आकड्याने काय होतंय, म्हणाली. असं करता करता सगळा कारभार एकाच शब्दात बसला. तो शब्द होता ‘हं’, आणि तो तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. खारूताई आनंदाने झाडावरून पडली आणि पडता पडताही हसत होती.

इकडे सगळं जंगल तिच्याकडून फोर्थ शिकलं. पण फोर्थ शिकलेला प्राणी फोर्थमध्ये काही बनवत नाही. तो नवीन फोर्थ बनवतो. साळिंदराने बनवली, घारीने बनवली, घोरपडीने बनवली. दार उघडायला घोरपड म्हणायची ‘सोड’ आणि घार म्हणायची ‘झेप’. पोपटाने तर दोनला तीन म्हणायची सोय केली, कारण करता येत होती. जो तो आपली फोर्थ किती छोटी आहे ते सांगत फिरायचा. पलीकडच्या तळ्याला दार बसवायचं होतं, ते राहूनच गेलं.

मग खारूताई भाचीच्या लग्नाला शेजारच्या जंगलात गेली आणि नेमका मुसळधार पाऊस लागला.

पाणी चढलं. दार उघडेना. न फेकलेले आकडे साचून साचून चळत यंत्राच्या टाळूला टेकली होती. नवा आकडा ठेवायला जागाच नव्हती, म्हणून यंत्राने पाणी मोजणंच सोडून दिलं होतं.

सशीणबाई धावत तळ्यावर आली. फोर्थ येणारे सगळे तिथे जमलेलेच होते. घोरपड म्हणाली ‘सोड’. यंत्र म्हणालं, ‘काय?’. घार म्हणाली ‘झेप’. यंत्र म्हणालं, ‘काय?’. साळिंदराचं मत पडलं की हे सगळं पुसून माझी फोर्थ घालावी, ती आणखी छोटी आहे. मग कोणाची जास्त छोटी यावरून जुंपली. अस्वलमामा दोरी मागायला गेला, तर माकडं झोक्यावरून उतरायला तयार नव्हती.

“दार तेवढं उघडा हो,” सशीणबाई म्हणाली. “कोणत्याही भाषेत उघडा.”

कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती उलट्या पावली पळाली आणि पिल्लांना एकेक करून टेकडीवर नेलं. शेवटचं पिल्लू वर पोहोचलं आणि पाणी बांधावरून गेलं. पिल्लं वाचली, मुलांनो, रडू नका. पण घर गेलं. मला त्या सगळ्या शहाण्यांचा राग येतो, सांगून ठेवतो.

इतक्यात लग्नाचे लाडू घेऊन खारूताई परतली. यंत्राकडे पाहताच तिला आपली चूक कळली, म्हणून ती तिने कोणाला सांगितली नाही. तिने चळत रिकामी केली आणि म्हणाली ‘हं’. दार उघडलं. टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. साऱ्या तज्ज्ञांना जे जमलं नाही ते खारूताईने एका शब्दात केलं, म्हणून महाराजांनी तिला राजयंत्रपंडित नेमलं आणि तिच्या गळ्यात मोठा हार घातला. तिने यापुढे जंगल सोडून कुठे जायचं नाही, लग्नालाही नाही, असंही ठरलं.

सशीणबाई ओल्या अंगाने उभी राहिली. “महाराज, बीळ माझं बुडालं आणि हार हिला?”

महाराज मिशीतल्या मिशीत हसले. “अगं, तुझं बीळ बुडालं नसतं, तर हिची किंमत आम्हाला कळली असती का?”

दरबाराला हे फार पटलं. हिचाही थोडा हातभार लागलाच आहे, असं म्हणून सशीणबाईलाही एक छोटा हार देण्यात आला. पिल्लांना भूक लागली होती. त्यांनी तो खाऊन टाकला.

तात्पर्य : आपलं काम इतकं सोपं करून ठेवावं, की ते आपल्यावाचून कोणालाही जमू नये. आणि तुम्ही ससे असाल, तर बीळ टेकडीवर करावं.