येळगुंडीच्या फाइलमधला सूर्य

येळगुंडी गावाला फेब्रुवारीच्या अकरा तारखेपासून जी वीज मिळते, ती आमच्या तालुक्याच्या वीज कार्यालयातल्या केतकी सोलंकर यांच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमधून येते. फाइल सौरप्रकल्पाची आहे. प्रकल्प अजून बांधलेला नाही.

मी त्याच कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळतो. सोलंकर मॅडम माझ्या शेजारी बसतात, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे.

येळगुंडी तालुक्यापासून तेवीस किलोमीटरवर, लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत विजेचा जीव गेलेला असायचा. दोनशे तीस व्होल्टच्या जागी एकशे साठ मिळायचे. पिठाची गिरणी कुंथायची पण फिरायची नाही. आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रीज नावालाच होता. तिथल्या सिस्टर, अनसूया भालके, लसीकरणाच्या दिवशी सकाळच्या एसटीने तालुक्याला येऊन बर्फाच्या डब्यातून लशी न्यायच्या आणि दुपारच्या आत संपवायच्या. म्हणून गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर सौरप्रकल्प उभारायचं ठरलं आणि त्याचं मॉडेल करायचं काम सोलंकर मॅडमकडे आलं.

मॉडेल म्हणजे प्रकल्प आधी कॉम्प्युटरमध्ये बांधून बघायचा. पॅनेल, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर यांचे चौकोन पडद्यावर मांडायचे, रेघांनी जोडायचे, शेवटची रेघ गावात येणाऱ्या लाइनला जोडायची आणि 'रन' दाबायचं. मॅडमनी चार महिने हे काम केलं. सोळाशे चाळीस पॅनेल मांडली. लाइनची लांबी, तारेची जाडी, गावातला प्रत्येक पंप त्यांनी वायरमन गुंडप्पाला फोन करकरून विचारून घेतला. गुंडप्पा म्हणायचा की मॅडम कधी गावात आल्या नाहीत, पण कुणाच्या घरात किती पंखे आहेत हे त्यांना सरपंचांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

अकरा तारखेला सकाळी त्यांनी पहिल्यांदा 'रन' दाबलं. असं मॉडेल साधारण दोन सेकंदांसाठी चालवतात; तेवढ्यात जे कळायचं ते कळतं. आलेख चांगला आला. त्यांनी एक आकडा बदलून पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात गुंडप्पाचा फोन आला. गावात तीन वेळा, दोन-दोन सेकंद, कधी नव्हे असा लख्ख उजेड पडला होता आणि गिरणी तीनदा दचकून उठली होती.

मॅडमनी त्याला फोन चालू ठेवायला सांगितलं आणि 'रन' दाबलं.

"आली," गुंडप्पा म्हणाला. दोन सेकंदांनी म्हणाला, "गेली."

असं चार वेळा करून बघितल्यावर मॅडमनी पडद्यावर 'किती वेळ चालवायचं' या रकान्यात जो आकडा होता तो काढून टाकला, अमर्याद असं निवडलं आणि पुन्हा दाबलं. गुंडप्पा आली म्हणाला आणि पुढे काहीच म्हणाला नाही. थोड्या वेळाने मागून गिरणीचा आवाज ऐकू यायला लागला. मॅडमनी कॉम्प्युटरला एक कागद चिकटवला : 'बंद करू नये. गाव चालू आहे.' मग त्या जेवायला गेल्या.

त्यांना आश्चर्य वाटलं का, असं मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, मॉडेल बरोबर असेल तर वीज यायलाच हवी. याआधी त्यांनी अकरा मॉडेलं केली होती. मंजूर होऊन ती कपाटात गेली, त्यातला एकही प्रकल्प उभा राहिला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा टेबलाशी गुणगुणताना ऐकलं.

पंधरा दिवसांनी विद्युत निरीक्षक श्री. वैजनाथ उटगे तपासणीला आले. उटगे साहेब निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. नियमाप्रमाणे ते आधी जागेवर गेले. जागेवर बाभळी होत्या. तसं त्यांनी लिहून घेतलं आणि तिथून आमच्याकडे आले, मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि प्रकल्प दाखवा म्हणाले.

दोन तास त्यांनी एकेक चौकोन उघडून बघितला. अर्थिंगपाशी ते थांबले. तिथे जमिनीचा रोध शून्य लिहिलेला होता. शून्य रोधाची जमीन त्यांनी आजवर पाहिलेली नव्हती. मॅडमनी दोन ओहम लिहिले. पॅनेलवर धूळ नव्हती. येळगुंडीत धूळ नाही असं कुणी शपथेवर सांगेल का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मॅडमनी तीन टक्के धूळ घातली. मग उटगे साहेबांनी सूर्याचा चौकोन उघडला आणि चष्मा पुसला.

फाइलमधला सूर्य हा एक आकडा होता. एक हजार. मॉडेलमध्ये असाच घेतात, प्रत्येक चौरस मीटरवर एक हजार वॅट, स्वच्छ दुपारचा. तो बदलत नव्हता. त्यामुळे येळगुंडीला पंधरा दिवस, चोवीस तास, दुपारची वीज मिळत होती.

"सूर्य मावळल्यावर सौरप्रकल्पातून वीज देता येत नाही," उटगे साहेब म्हणाले.

"हा मावळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग हा सौरप्रकल्प नाही."

मुद्दा बरोबर होता. उटगे साहेबांनी पाच दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात फाइलमध्ये सूर्यास्त बसवावा, नाहीतर जोडणी तोडावी लागेल. जाताना त्यांनी एक फॉर्म ठेवला. चौदाव्या रकान्यात प्रकल्पस्थळी सूर्य किती वाजता उगवतो आणि मावळतो ते लिहायचं होतं.

मॅडमनी तो रकाना बराच वेळ बघितला. मग त्यांनी उटगे साहेबांना फोन करून एकच गोष्ट विचारली : प्रकल्पस्थळ कोणतं धरायचं. ते म्हणाले, प्रकल्प जिथे आहे ते. प्रकल्प फाइलमध्ये होता. म्हणजे सूर्यास्त फाइलमधला लिहायचा होता, आणि फाइलमध्ये तो अजून ठरलेला नव्हता. उटगे साहेबांनी फॉर्म पुन्हा वाचला असावा, कारण फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की वेळ कोणतीही चालेल, पण ती मॅडमनी एकटीने ठरवलेली नको. ज्यांच्या घरात दिवस मावळणार आहे त्यांचा ठराव जोडा.

सरपंच महानंदाबाई कोळसुरे यांनी तिसऱ्या दिवशी ग्रामसभा बोलावली. त्या सभेचं इतिवृत्त आवकेत माझ्याकडेच आलं, म्हणून मला ते तपशिलाने माहीत आहे. सूर्य मावळूच नये असं म्हणणारे पुष्कळ होते. गिरणीवाले इस्माईल मुजावर त्यांच्यात पुढे होते. उलट तुकाराम हाके नावाच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की पंधरा दिवस दारासमोरचा दिवा विझला नाही आणि आपल्याला झोप नाही. दिवस आहे तिथे मावळणंही पाहिजे. कोंबड्या पाळणाऱ्या दोन बायकांनी त्यांना पाठिंबा दिला. मग वेळेवर चर्चा झाली. कुणी सात म्हणालं, तर बायका म्हणाल्या सातला अजून चूल पेटलेली असते. मुलांचा अभ्यास, जेवणं, भांडी धरून साडेनऊ ठरले. पहाटे पाण्याची मोटर लावायची म्हणून सूर्योदय पाचला. सिस्टर भालके म्हणाल्या की दार न उघडता फ्रीज आठ तास गार राहतो, साडेसात तास अंधार चालेल. सिस्टरांनी चालेल म्हटल्यावर मुजावरांनीही हात वर केला.

ठराव आला त्याच दुपारी मॅडमनी फाइल थांबवली. बदल करायचा तर थांबवणं भागच होतं. अठरा दिवसांनी येळगुंडीत पुन्हा एकशे साठ व्होल्ट झाले. मॅडमनी सूर्याच्या आकड्याला वेळ जोडली : पाच वाजता हजार, साडेनऊला शून्य. वीस मिनिटांत फाइल पुन्हा चालू झाली.

रात्री साडेनऊला सूर्य मावळला आणि फाइल बंद पडली. सकाळी आम्ही आलो तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती. गणित जुळत नाही, पुढे चालवता येत नाही, असा त्यांचा अर्थ. मॅडमनी पुन्हा चालवायचा प्रयत्न केला, तर फाइल सूर्यास्तापाशी अडली आणि सुरूच होईना. जुना, न मावळणारा सूर्य परत घातला असता तर ती चालली असती. कार्यकारी अभियंत्यांनी तसं सुचवलंही. मॅडम नाही म्हणाल्या. गावाने ठराव केला होता.

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस त्या जागच्या हलल्या नाहीत. मी चहा ठेवायचो, तो गार व्हायचा. इन्व्हर्टर तपासला, ट्रान्सफॉर्मर तपासला, सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दुपारी सिस्टर भालकेंचा फोन आला. फ्रीजमध्ये बेचाळीस मुलांच्या लशी होत्या, तालुक्याहून आणून ठेवलेला बर्फही वितळला होता आणि आतला काटा सहा अंशांवर आला होता. आठच्या वर गेला तर त्या लशी फेकून द्याव्या लागणार होत्या. सिस्टर घाई करा म्हणाल्या नाहीत. काटा कुठे आहे तेवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मॅडमनी डोळ्यांवर दोन्ही तळवे दाबून धरले. मग त्यांनी उटगे साहेबांना फोन लावला. तोडणाऱ्यालाच जोडायचं कसं हे विचारणं मला विचित्र वाटलं, पण मॅडम म्हणाल्या की सूर्यावर आक्षेप घेणारा तेवढा एकच माणूस त्यांना माहीत आहे.

उटगे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साडेनऊला हजारावरून शून्यावर, असं मॅडमनी सांगितल्यावर त्यांनी थांबवलं.

"असा मावळत नाही हो तो," ते म्हणाले. "मी रोज बघतो. ऑफिसातून घरी जाताना पुलावर उभा राहतो. तो पाऊण तास घेतो. कुणालाही एकदम सोडून जात नाही."

मॅडमनी आभार मानले आणि कागद पुढे ओढला. त्यांनी सूर्याला उतार दिला. पावणेनऊला तो खाली यायला लागणार आणि साडेनऊपर्यंत हळूहळू संपणार. पहाटेही तसंच, उलट. शेवटचा भाग त्यांनी तीनदा खोडून पुन्हा काढला, कारण तिथे रेघ वाकडी वाटत होती. मग 'रन' दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. गुंडप्पाने कळवलं की गिरणी फिरते आहे. सिस्टरांनी कळवलं की काटा सातवर जाऊन थांबला, आता खाली येतो आहे.

त्या संध्याकाळी मुदत संपत होती, म्हणून उटगे साहेब सूर्यास्ताची तपासणी करायला स्वतः येळगुंडीला गेले. आम्ही दोघं कार्यालयात थांबलो. पावणेनऊला त्यांचा फोन आला. ते उपकेंद्रासमोर मीटर घेऊन उभे होते. मॅडम पडद्यावरचा आलेख बघत होत्या आणि साहेब गावातून आकडे सांगत होते. दोनशे तीस. दोनशे चोवीस. दोनशे अकरा. थोड्या वेळाने त्यांनी आकडे सांगणं सोडून दिलं. लोक घराबाहेर आले आहेत, म्हणाले. ओट्यांवर बसले आहेत. दिवे पांढरे होते ते पिवळे झाले, आता तांबूस होत आहेत. भिंती तांबड्या दिसतात.

"कसा वाटतो?" मॅडमनी विचारलं. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"थांबा. अजून आहे."

आम्ही थांबलो. आलेखाची रेघ खालच्या आडव्या रेघेला टेकली.

"गेला," उटगे साहेब म्हणाले. "नीट गेला."

मग फोन महानंदाबाईंनी घेतला. त्यांनी मॅडमना जेवलात का विचारलं. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "दिवस मावळला बाई. आता तरी घरी जावा."

मॅडमनी पडदा तेवढा बंद केला, फाइल चालू ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि पर्स उचलली.

परवानगीचं पत्र सोमवारी आलं. मी त्यावर आवक क्रमांक सहाशे सत्तावीस टाकला. शेऱ्याच्या जागी उटगे साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'सूर्य समक्ष पाहिला. समाधानकारक आहे. वर्षातून एकदा पुन्हा पाहावा.'